चाळीस सेकंद बाकी

माझ्या डोक्याभोवतीचा सात इंचांचा घेर अजून उठवलेला नव्हता, म्हणून सामन्याच्या पंच नेर्लेकर मॅडम आणि फाउल करणारी सारिका खोराटे मंगळवारपासून आमच्या घरी राहत होत्या.

लॅक्रॉसमध्ये टोकाला जाळी असलेल्या काठीत चेंडू घेऊन पळायचं असतं. मुलींच्या खेळात हेल्मेट नसतं. डोळ्यांना गॉगल आणि तोंडात दातांची पट्टी, एवढंच. म्हणून चेंडू जिच्याकडे असेल तिच्या डोक्याभोवती सात इंचांचा घेर धरायचा. बचाव करणारीची काठी त्यात शिरली की फाउल, मग ती लागो अगर न लागो. सारिकाची लागली नव्हती. सहा इंचांवर थांबली होती. शिट्टी झाली आणि नियमाप्रमाणे ती माझ्या चार मीटर मागे जाऊन उभी राहिली. पाच-पाच गोल, चाळीस सेकंद बाकी. आता मी चेंडू घेऊन निघायचं होतं.

मी निघाले नाही.

गेल्या वर्षी मला कानामागे तीन टाके पडले होते. मारणारी वेगळी होती, पण तीही मागूनच आली होती. नेर्लेकर मॅडमनी नियमावली दोनदा चाळली. खेळाडूने किती वेळात निघावं, हे कुठेही दिलेलं नव्हतं. साडेपाचला मैदान कुणाच्या तरी रिसेप्शनसाठी द्यायचं होतं. मंडपवाला खांब घेऊन उभा होता. बाकीच्यांची गरज नाही असं ठरून त्यांना सोडून दिलं, आणि आम्ही तिघी दोन रिक्षांनी घरी आलो. मागची रिक्षा सारिकाची.

बाबा पाटबंधारे खात्यात आहेत. त्यांनी टेप काढून चार मीटर मोजून दिले. आमचा हॉल साडेतीन मीटरचा असल्यामुळे मी सोफ्यावर बसले की सारिका शेजारच्या कुंभोजकर काकूंच्या स्वयंपाकघरात यायची. काकूंची तक्रार नव्हती. "पोरगी गुणाची आहे, लसूण सोलून देते," त्या म्हणाल्या.

बुधवारी आई तेलाची वाटी घेऊन माझ्याजवळ आली आणि मॅडमनी शिट्टी वाजवली.

"अहो मॅडम, माझीच मुलगी आहे ती!"

"असू दे ना. तुमचा हात डोक्याच्या दिशेने येत होता. डोक्यापासून बाहेर न्यायचा असतो." मॅडमनी पिवळं कार्ड दाखवलं. आई चार मीटर मागे, सारिकाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. वाटी वाया जायला नको म्हणून तिने सारिकाच्याच डोक्याला तेल लावलं. सारिकाकडे चेंडू नव्हता, त्यामुळे हरकत नव्हती.

खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. कुणी मागून हाक मारली तर हातातलं खाली पडतं. आता मात्र सात इंचांच्या आत कुणाला येता येत नव्हतं, आणि मागे कोण आहे, किती अंतरावर आहे, हे मला नेमकं माहीत होतं. जेवतानाही मी चेंडूची काठी उजव्या हातातच धरायचे. डाव्या हाताने जेवायची सवय दोन दिवसांत झाली.

"तुम्हाला किती दिवस जमेल?" मी मॅडमना विचारलं.

"चेंडू जिथे, तिथे पंच," त्या म्हणाल्या. "माझं सोडा. मी वर्षाच्या रजा साठवल्यात. त्या मुलीला विचारा."

शुक्रवारी सकाळी मी गॅलरीत तोंड रस्त्याकडे करून उभी होते. मागे, हॉलच्या टोकाला सारिका.

"वृषाली," तिने तिथूनच हाक मारली, "उद्या माझी बीपीएडची प्रॅक्टिकल हाय. कोल्हापूरला. सकाळी सातला."

"मग जा ना."

"कशी जाऊ? तू निघाल्याशिवाय मला हलता येत न्हाई. गेल्या साली अडीच मार्कांनी राहिली होती माझी. औंदा वयाची अट संपती."

मी म्हटलं, "मी निघाले की तू मारणार."

"काठीला मारणार. डोक्याला कशाला मारू? डोकं चेंडू धरत न्हाई."

"त्या दिवशी सहा इंचांवर आली होतीस."

"आली होती. चुकलंच माझं. वरनं खाली मारली, बाहेर मारायला पायजे होती." मागे तिची काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला. "चार दिवस तुझी पाठच बघतोय नुस्ती. शिवण उसवलीय जर्सीची, ते तरी माहितीय का तुला?"

मला माहीत नव्हतं.

"येताना सांगशील का?" मी विचारलं.

"सांगून कोण येतंय व्हय? पण पाय आपटत येईन, जा."

मॅडमनी नियमावली पाहिली. पाय आपटायला बंदी नव्हती.

साडेनऊला आम्ही खाली आलो. आमच्या दारापासून एस.टी. स्टँड सरळ रेषेत आहे. त्याच दिशेला आमचा गोल, असं मॅडमनी ठरवलं. बाबांनी शेवटचं एकदा अंतर मोजलं. आई आणि काकू वर गॅलरीच्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या. मॅडमनी घड्याळ हातात घेतलं आणि म्हणाल्या, "शिट्टी मंगळवारीच झालेली आहे. निघणं तुमच्याकडे."

मी तरी बराच वेळ उभीच होते. एक दूधवाला वळसा घालून गेला. मग मी निघाले.

मागून लगेच आवाज आला. धप, धप, धप. गरजेपेक्षा कितीतरी मोठा. इस्त्रीवाल्याने मान वर करून पाहिलं. आवाज जवळ येत होता आणि माझी मान आपोआप खांद्यात शिरत होती. पिठाच्या गिरणीपाशी तो अगदी कानाशी आला, आणि मी मान वर ठेवली. वर ठेवायला किती जोर लागतो ते मला तेव्हा कळलं. टक्. जाळीच्या बाजूने, आतून बाहेर, स्वच्छ. चेंडू रस्त्यावर पडला.

घेर चेंडूबरोबरच जातो. उतरवावा लागत नाही.

सारिकाने चेंडू जाळीत उचलला आणि वळली. तिचा गोल उलट्या दिशेला, कोल्हापूरकडे. ती आमच्या दारावरून सुसाट गेली, मागोमाग मॅडम. काकू ओरडल्या, "अगं, डबा तरी घे!" कोपऱ्यावर दोघी दिसेनाशा झाल्या, तेव्हा माझ्या हिशेबाने बारा-तेरा सेकंद उरले असावेत.

रविवारी मॅडमचा फोन आला. सारिकाने दोन सेकंद राखून गोल केला होता, आम्ही सहा-पाचने हरलो होतो, आणि प्रॅक्टिकल बरी गेली होती. त्यांच्या मागे कसली तरी वरात होती. ताशा एवढा मोठा की मॅडमना ओरडून बोलावं लागत होतं. नीट ऐकू यावं म्हणून मी फोन कानाला दाबून धरला.