आत्याच्या ओसरीवरचं पोस्ट

माणसं गोळा करण्यात माझा हात धरणारा अख्ख्या राजाजीनगरात कोणी नाही. बारसं असो, मुंज असो, या रणजीतला एक फोन करा, वीस डोकी हजर! म्हणूनच होसकोटेच्या पुढच्या खेड्यातून, गावचं पोस्ट हलवणार म्हणून अंबूआत्याचा फोन आला तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं की पोस्ट वाचलंच म्हणून समज.

त्या गावाचं पोस्ट म्हणजे आत्याची ओसरी. टोकाला एक टेबल, एक वजनकाटा, एक शिक्का आणि त्यांच्यामागे आत्याची सून संयोगिता, गावची पोस्टमास्तर. बुधवारी अकराला निरीक्षक येणार होते. पुरेशी गिऱ्हाइकं दिसली नाहीत तर पोस्ट सहा किलोमीटरवरच्या मोठ्या गावात जाणार होतं. तिकडे बस नाही. आत्याच्या गुडघ्यांना आता अंगणसुद्धा लांब पडतं, आणि तिची औषधं येतात पार्सलनं.

माझी योजना बिनतोड होती. वीस नातेवाईक न्यायचे. निम्म्यांनी तिकिटं घ्यायची, निम्म्यांनी रजिस्टर पत्रं करायची आणि आमच्या अप्पासाहेब काकांनी मध्येच रांगेवरून भांडण काढायचं, म्हणजे सगळं खरं वाटेल!

पहाटे चारला उठवून सगळ्यांना टेम्पोत कोंबलं. के. आर. पुरमला दोन तास अडकलो. नऊला पोचलो, तर आत्यानं पानं वाढून ठेवलेली. नाचणीचे मुद्दे, म्हणजे वाफाळते उकडलेले गोळे, हुलग्याचं सारू, वर ताक. नको म्हणायची सोय नव्हती.

"अजून वेळ आहे," आत्या म्हणाली. "स्वल्प टेका."

आम्ही टेकलो. ओसरीची तांबडी फरशी गार होती. झाडाची सावली तिच्यावर हलत होती. तळ्याकडून वारा यायचा, तोही असा की त्याला कुठे पोचायची घाई नाही. संयोगितानं शिक्का मारला, ठप्प. मग बऱ्याच वेळानं कुठेतरी कोंबडी बोलली. मी म्हटलं, पाचच मिनिटं.

स्वप्नात मी आभाळातून टपाल वाटत होतो. पाकिटं बगळ्यांसारखी सावकाश खाली उतरत होती. दारादारांत म्हातारी माणसं हात पसरून उभी होती आणि कोणालाच कुठे चालत जावं लागत नव्हतं. इतका सुखी मी जन्मात झालो नव्हतो.

डोळे उघडले तेव्हा एक वाजला होता.

पायरीपासून टेबलापर्यंत माझे नातेवाईक आडवेतिडवे पसरले होते. अंगणात झाडाखाली सतरा माणसं बसली होती, गावचीच. कोणाच्या हातात पाकीट, कोणाच्या मांडीवर पार्सल. बुधवारी त्यांचं पोस्टात काम असतंच, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. टेबलाशी जायचं तर निजलेल्या माणसांना ओलांडावं लागलं असतं, आणि निजलेल्याला कोण ओलांडणार? गावकरी उठवायला निघाले, तर आत्यानं अडवलं. जेवून निजलेला पाहुणा उठवायचा नसतो.

संयोगिताच्या वहीत दहापासून एकही नोंद नव्हती.

सतरांच्या शेजारी अठरावा माणूस बसला होता, मांडीवर बॅग घेऊन. निरीक्षक रघुनंदन. मी हात जोडले, हे सगळे माझे लोक, गिऱ्हाइकं नव्हेत, चूक माझी, असं मोडक्या आवाजात कबूल करून टाकलं. आत्याचं पोस्ट मी स्वतःच्या हातांनी बुडवलं होतं.

त्यांनी शेजारच्या विठोजींना कन्नडमध्ये विचारलं, कधीपासून बसलात? दहापासून, ते म्हणाले. मग निरीक्षकांनी अहवालात तेवढं भरून तो माझ्यापुढे धरला. गिऱ्हाइकं सतरा. तीन तास खोळंबली, एकही परत गेलं नाही. पोस्ट इथेच राहावं. ओसरीवरचा अडथळा तातडीनं हटवावा.

अडथळा अजून घोरत होता. अप्पासाहेबांना दोघांनी धरून उठवलं, आणि संयोगिताचा शिक्का जो सुरू झाला तो तीनपर्यंत थांबला नाही.

निघताना आत्या टेम्पोपर्यंत आली, एकेक पाऊल टाकत. माझ्या गालावरून हात फिरवला.

"रणजीत, पुढच्या खेपेला एवढी माणसं आणू नको. एक पत्र टाक. सरी?"

"सरी, बरं," मी म्हणालो. आणि मग, खाली बघत, तिच्या गावाचा पिनकोड तिलाच विचारून घेतला.