शामरावभाऊंची दह्यातली फौज

आमचे शेजारी शामरावभाऊ लहान मुलाचा चेहरा पाहतच नाहीत. नागभीडला आमच्या मोहल्ल्यात बारसं असलं की बाया बाळाचं नाक कोणावर गेलं याची चर्चा करतात. भाऊ पाळण्यात वाकून हिरड्या पाहतात. "जागा चांगली हाय," म्हणतात, प्लॉट पाहून आल्यासारखे.

धानाच्या गिरणीतली नोकरी संपल्यावर माणसं देवाधर्माला लागतात. भाऊ पोरांच्या दातांना लागले. अंगणातल्या करंजाच्या कोवळ्या काड्या दात घासायला तोडून सकाळीच फाटकाशी उभे राहतात आणि शाळेत जाणाऱ्या पोट्ट्यांना अडवतात. "दाखव बे तोंड!" आवाज असा, की समोरच्या चिंचेवरचे बगळेसुद्धा चोच उघडतात. मी स्वतः पाहिलं आहे. एकाला तर काडीही मिळाली.

पुढे भाच्यानं त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. तोंडात दात किडवणारे जंतू असतात तसे चांगलेही असतात, आणि दह्यात त्या चांगल्यांची वस्ती असते. झालं! व्हिडिओत त्या चांगल्या जंतूंना प्रोबायोटिक म्हणत होते. भाऊ म्हणू लागले, "आपली फौज."

"दही म्हंजे छावनी हाय राजेहो, छावनी! अन् तुमी भातात कालवून गिळून राह्यले. तोंडात घोळवा जरा, फौजेले पोझिशन घेऊ द्या!"

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा भरते. तिथे त्यांनी जिलेबीच्या दुकानासमोरच दह्याचं मडकं मांडलं. एक घोट फुकट. फक्त घाईत कोणाकडून तरी मागून आणलेल्या त्या मडक्यात आधी मोहाची दारू होती, हे भाऊंना कुठे ठाऊक! पोरं वासानंच पळाली. बापांची मात्र रांग लागली. "भाऊ, माह्या दाढेलेबी थोडी फौज लागते जी!" जिलेबीवाला कढई सोडून आला, घोळवून गेला, पुन्हा आला. उरलंसुरलं आमच्या कोंबड्यानं चाखलं. तो दुपारी आरवला, आणि तेही तेलुगूत.

या साऱ्या फौजेत भाऊंचा खराखुरा शिपाई एकच, आमची सहा वर्षांची चिमी. बाकी पोरं आंबट दही पाहून गल्ली बदलत. ही रोज वाटी घेऊन तिच्या 'आबाजी'कडे, म्हणजे भाऊंकडे, जाई आणि चाटूनपुसून परत आणी. भाऊंच्या घरात ते एकटेच. सकाळची ती वाटी वाजली की त्यांचा दिवस सुरू होई. "पाह्य, आली माही सैनिक!" हे आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येई.

आणि एक दिवस या सैनिकाचीच दाढ ठणकली. गाल सुजून पुरीसारखा झाला. भाऊ लवंग घेऊन धावत आले. "फौज असतानी कीड लागलीच कशी?"

"भाऊ, आता तुमची लवंग नको आन् दहीबी नको," आमची बायको कडाडली. "उद्यापासून चिमी तुमच्याकडे येनार नाई."

भाऊंनी लवंग खिशात घातली. आम्ही ब्रह्मपुरीला दाताच्या डॉक्टरकडे निघालो, तर ते न बोलावता गाडीत येऊन बसले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दही खाऊ द्या, काडीही फिरवू द्या. पण त्यानं ब्रश-पेस्ट सुटत नाही. बरं, रोज गोड काय खाते ही?"

"आबाजीचं दही," चिमी ओठ जेमतेम उघडत बोलली.

"दही गोड?"

"आबाजी गूळ टाकते ना त्याच्यात! मोठा खडा. कोनाले सांगू नको म्हंते."

आम्ही भाऊंकडे पाहिलं. भाऊ स्वतःच्या चपलांकडे पाहत होते.

"आंबट लागे तिले," ते पुटपुटले. "मले वाटलं, येनंच बंद करन."

डॉक्टरीणबाई दाढ तपासायला उठल्या. चिमी मात्र काही केल्या तोंड उघडेना. बाईंनी समजावलं, मी बाहुली कबूल केली. शेवटी भाऊच उठले आणि त्या मोठ्या खुर्चीत जाऊन बसले.

"पाह्य पोरी, काई नाई होत." त्यांनी तोंडात बोटं घातली आणि वरची-खालची कवळी काढून हातात घेतली. ज्या दातांकडे बोट दाखवून, 'या वयातही भाऊंचे दात बघा' म्हणत आम्ही मोहल्ल्यातल्या पोरांना रागावत होतो, ते दात भाऊंच्या तळहातावर होते.

चिमीनं वाकून आत पाहिलं. "आबाजी, इथी तर कोनीच नाई!"

"नाई ना." कवळीवाचून शब्द फसफसत होते. "मायबाप लहानपनीच गेले. लोकायच्या गाई राखत होतो. माह्या तोंडात कोन पाहाले बसलं होतं?" बस किती वाजता आहे हे सांगावं, तसं सांगितलं त्यांनी.

चिमीनं थोडा विचार केला. मग खुर्चीवर चढून ती त्यांच्या मांडीवर बसली आणि तिनं तोंड उघडलं.

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. डोळे घट्ट मिटून घेतले ते भाऊंनी.