वरच्या पायरीवरची दीपलक्ष्मी

खोक्यात सगळं होतं, फक्त भूत नव्हतं.

कवितानं थर्माकोलचा शेवटचा तुकडाही उचलून पाहिला. पाटाएवढं जाड पुस्तक होतं. घडीचं पोस्टर होतं. मखमली पिशवीत जुन्या फिल्मची वीतभर पट्टी होती. उजेडाकडे धरली की तळ्याच्या पायऱ्या दिसत. आणि मधोमध बाईच्या आकाराचा एक खड्डा होता. डोकं, खांदे, पुढे आलेल्या हातासाठी खाच. बाई नव्हती.

"अत्या, यातली बाहुली कुठे आहे?"

वेंकूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. "ती होय? शेजारच्या भुवनाला दिली. कोलूत बसवायला."

नवरात्रात त्या गल्लीत घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडत, त्याला कोलू म्हणत. आणि दरवर्षी त्यात एक तरी नवी बाहुली लागे. यंदा या घरी कोलू नव्हता. वेंकूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे कविताचे वडील प्रद्युम्नराव, वैशाखात गेले होते.

"सणाच्या दिवसांत नवी बाहुली खोक्यात कोंडायची कां?" वेंकूबाई म्हणाल्या. "दुखवटा आपल्या घराला, बाहुलीला नव्हे. कुरियरवाल्याने आणली, मी नुसती इकडून तिकडे दिली. भुवना तर म्हणाली, मामी, ही दीपलक्ष्मी कोठे मिळाली तुम्हांला!"

"अत्या, ती दीपलक्ष्मी नाही. भूत आहे."

"हातात दिवा आहे की गे."

"भुताच्या हातात दिवा आहे."

"मग चांगल्या घरचे असेल."

'कुळत्तु निळल', म्हणजे तळ्यातली सावली. प्रद्युम्नराव कॉलेजात होते त्या काळातला हा काळापांढरा तमिळ भयपट. तो पाहून आलेल्या बायका म्हणे वर्षभर दिवेलागणीला तळ्यावर गेल्या नव्हत्या. आता परदेशातल्या एका कंपनीनं त्याची एकेक चौकट धुऊनपुसून, संग्राहकांसाठी म्हणून, एवढ्या थाटात डिस्कवर आणला होता. प्रद्युम्नराव तंजावुरातल्या चित्रपट मंडळाच्या मासिकात नव्या डिस्कची परीक्षणं लिहीत. हा संच त्यांनीच मागवला होता. संच आला, तेव्हा घ्यायला ते नव्हते.

मासिकाचे संपादक गुरुमूर्ती फोनवर म्हणाले होते, "अम्मा, हे तुम्ही लिहा. इंग्रजी शिकवता, जड जाणार नाही. चित्र कसं, आवाज कसा, जादा साहित्य काय, तीन मथळे. फक्त विजयादशमीच्या आत द्या. मग छापखाना बंद."

कवितानं होकार दिला तो मथळ्यांसाठी नव्हे. या चित्रपटातलं प्रेत आपण आहोत, असं तिचे वडील जन्मभर सांगत आले होते. ओरत्तनाडजवळच्या तळ्याकाठी चित्रीकरण होतं; विशीतला एक सडपातळ मुलगा हवा होता; त्याला तिरडीवर निजवलं आणि तोंडावरून पांढरी चादर ओढली. अडचण एवढीच, की चित्रपटात ती चादर शेवटपर्यंत दूर होत नाही.

"चादरीखाली कोणीही असेल," वेंकूबाई म्हणत. "नारळाचे पोते असेल."

"अक्का, पोतं इतकं स्थिर पडेल?" प्रद्युम्नराव विचारीत. पन्नास वर्षं हा वाद चालला. पुरावा नव्हता.

आणि आता त्या जाड पुस्तकात छापलं होतं: दुसऱ्या डिस्कवर प्रेताच्या प्रसंगाची, वापरात न आलेली दृश्यं. कुठल्याशा गोदामात सापडलेली. मूळ आवाजासह. कवितानं ती ओळ उभ्यानं वाचली होती आणि मग ती खुर्चीत बसली होती.

त्याच पुस्तकात खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. दोन्ही डिस्क बाहुलीच्या बैठकीतल्या खणात आहेत.

भुवनाच्या दारात पायताणांचा ढीग होता. कोलूच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, कलशाच्या शेजारी, भूत उभं होतं. कविता पाहतच राहिली. पुस्तकातल्या फोटोत ते पांढऱ्या साडीत, केस मोकळे सोडलेलं होतं. भुवनानं त्याला जांभळं, जरीच्या काठाचं रेशमी पट्टूचं वस्त्र नेसवलं होतं, केसांत मोगरा माळला होता, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं होतं. नाक इतकं रेखीव, बोटं इतकी जिवंत, की ज्यानं ती बाहुली घडवली त्याला हात जोडावेत असं वाटलं. बायका जोडतच होत्या.

"बघितलंस?" भुवना कुजबुजली. "सकाळपासून येतायत. वरच्या गल्लीतल्या मामी दोनदा येऊन गेल्या. तिच्या डोळ्यांत पाहिलं की अंगावर काटा येतो म्हणतात." तिथे कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणत.

"येत असेल," कविता म्हणाली. "भुवना, ती बाहुली मला थोडा वेळ..."

"काही माग. दागिने माग. बसवलेली बाहुली मागू नको." भुवनानं कानांना हात लावला. "विजयादशमीच्या रात्री एक बाहुली निजवायची, दुसऱ्या दिवशी सगळ्या उतरवायच्या. त्याआधी हलवली तर माझी सासू वरून खाली येईल."

भुवनाच्या सासूबाई वरच्या मजल्यावर राहत नव्हत्या. त्या वारल्या होत्या. कविता दाराकडे वळली. इतक्या बायकांनी हळद-कुंकू वाहिल्यावर ते कुणाला वाहिलं हे सांगायचं धैर्य तिच्यात नव्हतं.

"हलवायचे कशाला?" घरी आल्यावर वेंकूबाई म्हणाल्या. मामला बिघडवल्याची थोडी टोचणी त्यांना लागली असावी. "खण मागच्या बाजूला आहे म्हणतेस. पायऱ्यांच्या मागे हातभर जागा आहे, दिव्यांच्या माळेच्या वायरीसाठी. संध्याकाळी गाणे सुरू झाले की सगळ्यांचे डोळे मिटतात. तेव्हा जा, खण उघड, घे, बंद कर. बाहुली जागच्या जागी."

कविता वीस वर्षं कॉलेजात शिकवत होती. शेजारणीच्या कोलूमागे चोरासारखं शिरायचं हे तिला पटणं शक्य नव्हतं. संध्याकाळी ती शिरली.

मागे अंधार होता. लोखंडी पायऱ्यांवर धोतरं अंथरलेली. त्यांच्यापलीकडून सुंडलचा, म्हणजे प्रसादाच्या उसळीचा, आणि कापराचा वास. ती स्टुलावर चढली, तर अगदी डोळ्यांसमोर भुताची पावलं. पट्टूचं वस्त्र पुढून झाकत होतं, मागून नव्हतं. बाहुलीचं तोंड बायकांकडे आणि पायांची बोटं कविताकडे. घडवणाऱ्यानं एकेक नखसुद्धा कोरलं होतं. ती क्षणभर खण विसरली.

पलीकडे गाणं रंगात आलं. वेंकूबाईंचाही आवाज त्यात होता. देवीला घरी ये म्हणून विनवणारं गाणं. शेवटच्या ओळीला सगळ्यांचे आवाज चढले. कवितानं खण ओढला.

बाहुलीच्या हातातला दिवा पेटला. आणि बैठकीतून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एक खोल, मऊ, बायकी आवाज आला, "वंदुट्टेन." मी आले.

गाणं थांबलं. झांज वाजवणारीचा हात वरच राहिला. मग कुणीतरी हुंदका दिला आणि पाठोपाठ बांगड्या जमिनीला टेकल्याचा आवाज झाला. अख्खी खोली लोटांगणात होती.

हे सगळं पुस्तकात कुठेतरी लिहिलेलं असणार. कवितानं घाईघाईनं दोन्ही डिस्क घेतल्या आणि खण आत लोटला.

"पोगमाट्टेन," आवाज म्हणाला. मी जाणार नाही.

"नको जाऊस, आई!" भुवना रडत म्हणाली. "कोण जा म्हणतंय तुला?"

"तीच बघ, आपणहून बोलली," वरच्या गल्लीतल्या मामी म्हणाल्या. "धूप आणा. मोठा आणा."

धूप आला. निखाऱ्यांवर मूठभर पडला असावा, कारण पायऱ्यांखालून धुराचा लोट सरळ मागे आला. कविताच्या घरात धूप किंवा उदबत्ती लावत नसत. प्रद्युम्नरावांना धूर सोसत नसे. शिंका येत, त्याही जोडीनं. ही खोड कविताकडे आली होती. वैशाखात त्यांच्या उशाशी उदबत्ती लावली, तेव्हा ती धुराकडे पाहत क्षणभर थांबली होती. मग तिनंच ती काडी सरळ केली होती.

तिनं नाक दाबून धरलं. उपयोग झाला नाही. देवीच्या पाठीमागून प्रचंड शिंक आली.

लोटांगणातल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या.

"नूरु," वेंकूबाई म्हणाल्या.

त्यांचा इलाज नव्हता. या गल्ल्यांत कुणी शिंकलं की घरातलं वडील माणूस 'नूरु' म्हणतं, म्हणजे शंभर वर्षं जग. आणि लगेच दुसरी आली तर 'इरुनूरु', दोनशे. हे तोंडातून आपोआप जातं. पण देवीला कुणी आयुष्य चिंतत नाही. सगळ्यांनी आधी वेंकूबाईंकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे. दुसरी शिंक आली आणि धोतराच्या फटीतून कविताचा चष्मा बाहेर पडला.

कवितानं सगळं सांगितलं. वर्गात सांगावं तसं, क्रमानं, उभं राहून. बाहुली कोण, कुठल्या चित्रपटातली, आवाज कुठून येतो. शेवटी म्हणाली, "माझे वडील त्यात आहेत. असावेत. मला पाहायचं होतं."

भुवनानं वरच्या पायरीकडे पाहिलं. "भूत," ती म्हणाली. "माझ्या कोलूत. तीन वेळा ओवाळलं मी हिला."

"मी मुलीच्या लग्नाचं सांगितलं हिला," मामी म्हणाल्या.

"हातात दिवा होता," वेंकूबाई म्हणाल्या.

"ती बोलावल्यावर आली की नाही?" भुवना एकदम म्हणाली. "कुंकू लावलं, घेतलं की नाही? जाणार नाही म्हणाली की नाही? मग मी कोण तिला उतरवणार? कविता, तो सिनेमा आण इकडे. कोण कुठली आहे ती, पाहू तरी."

प्रद्युम्नरावांचं डिस्क लावायचं यंत्र कवितानं छातीशी धरून आणलं. मागून वायरीचं शेपूट वेंकूबाईंनी. कोलूच्या शेजारच्या टीव्हीला ते जोडलं. बायका सुंडलचे द्रोण घेऊन खाली बसल्या.

आणि मग कुणीच द्रोणाला हात लावला नाही. तळ्याचं पाणी पडद्यावर आलं ते इतकं काळं आणि इतकं स्वच्छ, की पुढे बसलेल्या बाईनं पाय आखडून घेतले. चंद्रप्रकाशात पायऱ्यांवरचं शेवाळ मोजून घ्यावं. सासरच्यांनी तळ्यात ढकललेली एक बाई दिवा घेऊन घराघरांत आपलं मूल शोधत फिरते. दार उघडणारा प्रत्येक जण किंचाळतो. या खोलीत कुणी किंचाळलं नाही. वरच्या पायरीवर तीच बाई जांभळ्या पट्टूत उभी होती, आणि मधूनमधून एकेक मान वळून तिच्याकडे जात होती.

"पाजी लोक," मामी डोळे पुसत म्हणाल्या. "एकानं तरी आत बोलावलं का तिला? भुवना, तू बरं केलंस."

प्रेताचा प्रसंग आला आणि गेला. तिरडी, उशाशी उदबत्तीचा जुडगा, पांढरी चादर. चादरीखाली एक आकार.

"पोते," वेंकूबाई म्हणाल्या, पण हळू.

कवितानं दुसरी डिस्क घातली. तीच तिरडी, पण आता चादर छातीपर्यंतच. डोळे मिटलेला एक मुलगा. विशीचा, नाकात कापूस, केस चापून बसवलेले. कविताला तो ओळखता आला नाही. मग कान दिसला, आणि आला.

पडद्यावर कुणीतरी चादर वर ओढली. कुणीतरी उदबत्त्या पेटवल्या. धूर चादरीवरून सरकत गेला. खोलीत सगळ्या वाट पाहत होत्या, कशाची ते न कळता. चादर एकदा फुगली, एकदा बसली, आणि मग नाकातला कापूस उडवत प्रेत शिंकलं आणि सरळ उठून बसलं.

"नूरु," वेंकूबाई म्हणाल्या.

पडद्याबाहेरून दिग्दर्शक ओरडला. रडणाऱ्या नट्या हसत सुटल्या. प्रद्युम्नराव चादर गुंडाळून ओशाळं हसत कॅमेऱ्याकडे, म्हणजे अगदी कविताकडे, पाहत होते. आणि नाक पुसता पुसता पुन्हा शिंकले.

"इरुनूरु!" अख्खी खोली म्हणाली. मामी, भुवना, सगळ्या. कविताच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. वैशाखापासून ती हसली नव्हती, त्यामुळे तो काय आहे हे तिच्याही चटकन ध्यानात आलं नाही.

पुढच्या दृश्यात त्याला पुन्हा निजवलं. चादर ओढली. उदबत्त्या पेटल्या, धूर आला. सगळ्या थांबल्या. या वेळी चादर हलली नाही. ती तशीच राहिली, शेवटपर्यंत. पडदा काळा होईपर्यंत तो मुलगा इतका स्थिर पडला, की तसं कुठलंही पोतं पडलं नसतं.

कविताचा फोन वाजला. गुरुमूर्ती होते. "अम्मा, झालं का पाहून? जादा साहित्यात काही आहे का? वाचक तेवढंच विचारतात."

"आहे, सर," कविता म्हणाली. "पण लिहायला थोडा उशीर होईल."

तिच्या मांडीवरचा रिमोट वेंकूबाईंनी उचलून तिच्या हातात कोंबला होता. त्यांची नजर अजून काळ्या पडद्यावर होती.

"मागे ने गे," त्या म्हणाल्या. "उठतो तेथे ने."