पूर्वेच्या धुऱ्यावरचं गवत

“एक तं ह्या आवारात गवत राहील, नाई तं मी राहीन,” असं म्हणत जमुनाबाईंनी कपड्यांची बादली ओट्यावर आदळली. “हा इतक्या अंतरावरून गेला साप. मी उभी होती म्हणून गेला. चालत असती तं?”

खुशालरावांनी चष्मा नाकावर सरकवला. “रंग कोणता होता?”

“त्याले थांबवून रंग पाहत बसू का मी?”

साप विषारी होता की नव्हता, हा प्रश्न त्यामुळे कायमचा अनिर्णित राहिला. दुसरा प्रश्न मात्र त्याच संध्याकाळी निकाली निघाला. पुण्याहून मुलीचा, प्राजक्ताचा, फोन आला आणि जमुनाबाईंनी तिला सांगून टाकलं, की दिवाळीपर्यंत गवताचा बंदोबस्त झाला नाही तर ती दोघं तिच्याच सोसायटीत फ्लॅट बघतील. प्राजक्ता हे नऊ वर्षांपासून सुचवत होती. “बाबा, चौथ्या मजल्यावर साप येत नाही,” ती आनंदानं म्हणाली.

पाटबंधारे खात्यात खुशालरावांचं आयुष्य कालव्यांच्या काठानं गेलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी अमरावतीबाहेर, नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावरच्या वडिलोपार्जित अडीच एकरांत मधोमध घर बांधलं, आंबे लावले, भोवती तार ठोकली. चौथ्या मजल्यावर सकाळी उठून आपण काय बघायचं, हे त्यांना काही केल्या दिसेना. म्हणून त्यांनी गवत कापायचं यंत्र घ्यायचं ठरवलं.

खांद्याला अडकवायचं यंत्र त्यांनी मागच्या वर्षी आणलं होतं. त्यानं एक दिवस गवत कापलं आणि खुशालरावांना चार दिवस झोपवलं. आता हवं होतं ते वर बसून चालवायचं यंत्र, आणि तेही टिकाऊ. साधी बादली घेतानाही तिची कडी वाकवून बघणारा हा माणूस. त्यांनी त्यासाठी वेगळी वही केली. पत्र्याची जाडी किती, पट्टा तुटला तर विदर्भात मिळतो का, इंजिन किती तास चालतं, पात्याचं पोलाद कुठलं. मोबाइलवर त्यांनी शेकड्यानं व्हिडिओ पाहिले. त्यांत गोरी माणसं सपाट हिरवळीवर एका हातानं कॉफी पीत यंत्र चालवत होती.

“हे गवत हाय का गादी?” जमुनाबाई मागून डोकावल्या. “त्याहीले म्हणा, इकडं या. कुंद्याचं गवत कसं असते ते दाखवतो तुमाले.”

खुशालरावांचा अभ्यास दोन महिने चालला. गवताला अभ्यास नव्हता, त्यामुळे ते कमरेपर्यंत आलं.

शेवटी अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका दुकानात त्यांना हवं तसं यंत्र सापडलं. तिथला सागर नावाचा तरुण विक्रेता फार नम्र होता. खुशालरावांनी वही उघडली आणि एकेचाळीस प्रश्न विचारले. सागरनं सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटचा प्रश्न होता, टिकेल किती?

“काका, नीट ठेवली तं वीस वर्षं पाहा लागत नाही.”

खुशालरावांनी वहीत ‘वीस’ लिहिलं आणि पेन थांबलं. ते सदुसष्ट वर्षांचे होते. बसमधून परत येताना मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी तो आकडा डोक्यातून जाईना. सत्त्याऐंशीव्या वर्षी आपण यंत्रावर बसलो आहोत, असं त्यांनी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. यंत्र ठणठणीत दिसत होतं. वर बसलेला माणूस मात्र नीट दिसेना. टिकाऊ वस्तू शोधताना आपण नेमकं कुणाचं टिकणं मोजत होतो, असं त्यांच्या मनात आलं. आणि कंडक्टरनं “उतरा ना बाबाजी” म्हटल्यावर ते उतरले.

प्रात्यक्षिकाची तारीख ठरवायला सागरनं दुसऱ्या दिवशी फोन केला. बोलता बोलता त्यानं विचारलं, “काका, गवत किती उंच हाय?”

“कंबरेइतकं.”

“कंबरेइतकं नाई चालत काका. वीतभर पाहिजे. आधी एकदा कापून घ्या, मंग ही मशीन.”

“म्हणजे गवत कापायच्या मशीनसाठी आधी गवत कापायचं?”

“एकच डाव, काका.”

पण कापणार कोण? सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली होती आणि पंचक्रोशीत एक मजूर रिकामा नव्हता. खुशालराव तारेपाशी उभे राहून हे दुःख शेजारच्या गोवर्धनला सांगत होते. पूर्वेकडचं वावर गोवर्धनचं. साठीचा, सडपातळ, बोलायला सावकाश माणूस. रोज दुपारी तो तारेखालून वाकून चहाला यायचा. आसपास दुसरं घर मैलभर नव्हतं.

“भाऊ, मायाजवळ नऊ म्हशी हाय,” गोवर्धन म्हणाला. “सोडू का?”

म्हशींनी आठ दिवसांत मोठं काम केलं, यात शंका नाही. पण त्याच आठवड्यात परतीचा पाऊस आला. काळ्या मातीत नऊ म्हशींचे छत्तीस पाय दिवसभर रुतू लागले. दसऱ्यासाठी लावलेला जमुनाबाईंचा झेंडू त्यांनी तुडवला, वाळत घातलेलं एक लुगडं शिंगावर नेलं आणि पूर्वेच्या कोपऱ्यातल्या गाजरगवताला मात्र तोंड लावलं नाही. मग ऊन पडलं, माती वाळली आणि अडीच एकरभर खुरांचे खड्डे दगडासारखे कडक झाले.

“याच्यापरीस साप बरा होता,” जमुनाबाई म्हणाल्या. “तो मुकाट्यानं तरी गेला.”

पुढचे सहा दिवस खुशालराव आणि गोवर्धन टोपल्यांनी माती टाकून खड्डे बुजवत होते. गोवर्धनला कुणी बोलावलं नव्हतं. “म्हशी माया, तं खड्डेही मायेच,” एवढं म्हणून तो रोज फावडं घेऊन यायचा.

कोजागिरीनंतरच्या रविवारी सागर मालवाहू गाडीत यंत्र घेऊन आला. लाल रंगाचं, रुंद टायरांचं, उंच पाठीच्या खुर्चीचं. खुशालरावांनी ते चारी बाजूंनी ठोकून पाहिलं. मग टोपी नीट करून वर बसले. इंजिन सुरू झालं, पातं फिरू लागलं, दहा पावलं गवत कापलं गेलं आणि यंत्र बंद पडलं.

“काय झालं?”

“तुमी उठले काका. खुर्चीतून उठलं का ते आपोआप बंद होते. सुरक्षेसाठी हाय.”

“मी पातं बघत होतो.”

“बसून राहा लागते काका.”

खुशालराव बसले. दहा पावलांवर त्यांना मागे कापलेल्या गवताची उंची बघावीशी वाटली. यंत्र बंद पडलं. मग टायर रुततंय का ते बघावंसं वाटलं. पुन्हा बंद. चाळीस वर्षं त्यांनी उठून, वाकून, खाली उतरून काम तपासलं होतं; कामावर बसून राहायची त्यांना सवयच नव्हती. सातव्यांदा यंत्र बंद पडल्यावर जमुनाबाईंनी पदर खोचला.

“उतरा तुमी.”

“अगं, तुला...”

“मले खाली काहीच पाहाचं नाही. उतरा.”

जमुनाबाई बसल्या आणि उठल्या नाहीत. यंत्र वळवायचे, सागरनं एकदाच दाखवलेले दोन दांडे त्यांनी असे धरले की जणू जन्मभर हेच करत आल्या आहेत. आंब्यांच्या ओळीतून यंत्र सरळ गेलं, वळलं, परत आलं. मागे हिरवा पट्टा पसरत गेला. खुशालराव बघत राहिले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. ही बाई कधी एकटी काही चालवत गेलेली त्यांना आठवेना. सायकलवरही ती मागेच बसलेली.

“वहिनी तं बम झकास चालवून राहिल्या भाऊ,” गोवर्धन म्हणाला.

ते ऐकून असेल किंवा नसेल, जमुनाबाईंनी यंत्र पूर्वेच्या कोपऱ्याकडे, म्हशींनी सोडलेल्या गाजरगवतात घातलं. सागर ओरडला, “काकू, तिकडं नाई!” आणि त्याच क्षणी खण्णकन असा आवाज आला की आंब्यावरचे पोपट उडाले.

यंत्र बंद पडलं. सगळे धावले. सागर पोटावर झोपून खाली बघू लागला. पातं वाकून वर आलं होतं. ढकलत ढकलत यंत्र मागे घेतलं, तेव्हा गवतातून एक काळा दगड बाहेर दिसला. जमिनीवर जेमतेम चार बोटं आलेला, ताशीव. माथ्यावर फुली कोरलेली.

खुशालरावांनी तो ओळखला. मोजणीचा दगड होता तो, वावराच्या हद्दीचा. असला दुसरा दगड रस्त्याकडेच्या टोकाला होता. नऊ वर्षांपूर्वी तार ठोकताना हा मागचा दगड त्यांना सापडला नव्हता. धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, मागच्या कडुनिंबाच्या रेषेत आहे, असं वडील सांगायचे, म्हणून त्यांनी कडुनिंब धरून दोरी लावली होती. मागे कडुनिंबाची झाडं दोन होती.

त्यांनी दगडापासून तारेपर्यंत पावलं टाकली. चौदा फूट. रस्त्याकडे शून्य आणि इकडे चौदा, अशी लांबलचक पाचर. गोवर्धनच्या वावराची पाचर, आपल्या तारेच्या आत. खुशालरावांचे कान तापले. कालव्याच्या जमिनीत हातभर घुसलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी नोटिसा दिल्या होत्या, आणि भर उन्हात उभं राहून नियम समजावून सांगितला होता.

गोवर्धन तळहातावर तंबाखू मळत दुसरीकडे बघत होता.

“गोवर्धन, हे तुझं आहे. इथपासून तारेपर्यंत.”

“हो ना.”

“हो ना काय? तुला ठाऊक होतं?”

“तुमी तार ठोकून राहिले होते ना, तवाच ठाऊक होतं.”

“मग काहून नाही बोललास? नऊ वर्षं!”

गोवर्धननं तंबाखू तोंडात टाकली. “बोललो असतो तं हे गवत मले कापा लागलं असतं.”

खुर्चीवर बसल्या बसल्या जमुनाबाई अशा हसल्या की सागरलाही वाकलेलं पातं विसरून हसू आलं. खुशालराव हसले नाहीत. उद्या सकाळीच तार हलवतो, ते म्हणाले. हलवू नका, गोवर्धन म्हणाला. तुझी जमीन आहे, तू घेतलीच पाहिजे. घेत नाही. घ्यावी लागेल. जबरदस्ती हाय का? धुऱ्यावरून वऱ्हाडात डोकी फुटली आहेत, कोर्टात पिढ्या गेल्या आहेत. पण ‘तू घे’, ‘नाही, तूच ठेव’ असं हातघाईवर आलेलं भांडण सागर पहिल्यांदाच पाहत होता.

शेवटी गोवर्धनचा आवाज खाली आला. “भाऊ, तुमी नवीनच आले होते तवा. येऊन चार दिवस नाई झाले. पयल्याच आठवड्यात धुऱ्यावरून तोंड वाजवलं असतं तं मंग मी चहा कोणाच्या घरी पेलो असतो?”

खुशालरावांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

तार दिवाळीआधी हलली. खड्डे खणायला गोवर्धनच आला, कुरकुरत, आणि मधे एका माणसापुरती फट ठेवायची अट घालून. यंत्रही तेच घेतलं, पातं बदलून. सागरनं दुसरं, नवंकोरं यंत्र पाठवायची तयारी दाखवली होती. पण जमुनाबाईंनी फोन हातात घेतला. “हेच राहू दे. ह्यानं दगड खाऊन पाह्यला. नवं आणलं तं तुये काका त्यालेही कशावर तरी आपटून पाहतीन.” पुण्याच्या फोनवर प्राजक्तानं फ्लॅटचा विषय काढला, तेव्हा आई कामात आहे, असं तिला सांगण्यात आलं. ते खरंही होतं. रोज संध्याकाळी पाच ते सहा त्या कामात असायच्या.

पुढच्या पावसाळ्यात गोवर्धनच्या पाचरीत गवत पुन्हा कमरेइतकं आलं. फक्त एक पट्टा उघडा राहिला. फटीतून गोवर्धन इकडे यायचा, खुशालराव तिकडे जायचे, त्या पायवाटेवर काडीही उगवली नाही. एकदा यंत्र वळवताना जमुनाबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी यंत्र तिथेच थांबवलं, पण खुर्ची सोडली नाही.

“पाहा,” त्या फटीत उभ्या असलेल्या दोघांना म्हणाल्या. “दोन महिने वही भरण्यापरीस तुमी दोघं आवारभर फिरत राहिले असते, तं मशीन घ्या लागलीच नसती.”

खुशालराव विचारात पडले. मुद्दा चुकीचा नव्हता.

“मंग वहिनी,” गोवर्धननं सावकाश विचारलं, “तुमी बसल्या कशावर असत्या?”

जमुनाबाईंनी दांडे पुढे केले आणि यंत्र निघालं.