महिपत आबांची चकती

दोन हजार सहा सालच्या फेब्रुवारीत पालीजवळच्या तळेवाडीतील वीजग्राहकांना निवडीचा हक्क प्राप्त झाला. हक्क कोणी मागितलाच नव्हता, त्यामुळे तो मिळण्यात काही अडचण आली नाही.

हक्काचा कागद घेऊन भिकाजी वायरमन महिपत आबांच्या पडवीत आला, तेव्हा आबा नेहमीच्या जागी, म्हणजे मीटरखाली, बसलेले होते. मीटर जुना, काचेआड चकती फिरणारा. त्या चकतीवर आबांचं सारं राज्य चालत होतं. चकती रेंगाळली की घरात एक दिवा, जरा चालू लागली की पंखा, आणि भिंगरीसारखी सुटली की सून इस्त्री करते आहे, हे त्यांना जागचं न हलता कळे. "वैष्णवी, माजघरात कोन नाय, दिवा कुनासाठी जळतोय?" अशी आरोळी गेली की दिवा विझे. मुलगा मुंबईला, गुडघे संपावर. घरात आबांचा शब्द चालायला ती चकती तेवढी उरली होती.

भिकाजीने कागद वाचला. "नवीन इलेक्ट्रॉनिक मीटर घ्यावा की न घ्यावा, हे सर्वस्वी ग्राहकाच्या मर्जीवर."

"मग नको," आबा म्हणाले. "झालं? च्या घे नि जा."

"तसं नाय चालत, आबा. फुडं लिवलंय. ज्यांना नको असेल त्यांनी मीटर बसवल्यापासून तीस दिवसांत कळवावे."

"बसवायच्या आधी का नाय?"

"आधी कसं? जो मीटर तुमच्याकडं नायच, तो नको कसा म्हननार? नाकारायला वस्तू आधी पदरात नको?"

आबांनी उभा जन्म भाऊबंदांचे दावे पाहिले होते. त्यांना हे कायद्याला धरून वाटलं.

मीटर नाकारता यावा म्हणून तो त्याच दिवशी बसवण्यात आला. त्यात चकती नव्हती. एक लाल ठिपका लुकलुकत होता, आणि लुकलुक वाढली की कमी झाली हे आबांच्या मोतीबिंदूला उमगेना. त्या दुपारी वैष्णवीने दोन तास निवांत इस्त्री केली.

आबांनी दुसऱ्याच दिवशी नकाराचा अर्ज दिला. तो परत आला, कारण त्यात जुन्या मीटरचा क्रमांक नव्हता. क्रमांक मीटरवर होता आणि मीटर भिकाजीने काढून नेलेला, रत्नागिरीच्या गोदामात. गोदामवाला म्हणाला, वादातला मीटर वाद क्रमांकाशिवाय दाखवता येत नाही. कारकून म्हणाला, मीटर क्रमांकाशिवाय वाद आहे असं धरता येत नाही. एकोणतिसाव्या दिवशी एका दयाळू शिपायाने सुचवलं, "क्रमांकाच्या जागी ‘साहेबांच्या ताब्यात’ असं लिवा." ते चाललं. सुनावणीची तारीख पडली.

सुनावणी ‘ग्राहक संतोष कक्षा’त होती. एकट्याने साहेबापुढे जाणं बरं नव्हे, म्हणून अख्खी तळेवाडी टेम्पोत बसून आली. आबा वाडीचे गाऱ्हाणं घालणारे. देवळात नारळ ठेवून ते देवाकडे मागणं मागत, आणि ते थांबले की मागे उभी असलेली वाडी "व्हय म्हाराजा!" म्हणे. चाळीस वर्षांची सवय. काय मागितलं याकडे कोणाचं लक्ष नसे. बोलणारा श्वासाला थांबला, की व्हय म्हाराजा.

आबांनी साहेबांपुढेही तसेच हात जोडले. "बा साहेबा, आज ही तुजी लेकरं तुज्या पायाशी आली हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"जुनी चकती घराची राखनदार होती, ती होती तिथं लावून दे, नि ही लाल डोळ्याची ब्याद येशीभायेर घालव..."

"व्हय म्हाराजा!"

साहेब गहिवरले. साऱ्या नोकरीत त्यांच्याकडे इतक्या आदराने कोणी काही मागितलं नव्हतं. तेही उभे राहिले आणि पुढ्यातला कागद नकळत त्याच चालीत वाचू लागले.

"नवीन मीटर अचूक आहे..."

"व्हय म्हाराजा!"

"तो अर्जदाराने राजीखुशीने स्वीकारला आहे..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि उपस्थित सर्वांनाही तो हवा आहे..."

"व्हय म्हाराजा!" यात सर्वांत मोठा आवाज बाबल्याचा होता. त्याच्या घरी अजून वीजच आली नव्हती.

"गप ऱ्हावा, मेल्यांनो!" आबा ओरडले. "कशाला व्हय म्हनताव?"

"म्हणजे आपण सगळे एकमताचे आहात," साहेब म्हणाले आणि श्वासाला थांबले.

"व्हय म्हाराजा!"

टंकलेखकाने तेवढं टिपून घेतलं.

आठवड्याभरात भिकाजीने वाडीत घरटी एक मीटर बसवला. बाबल्याकडेही बसवला, नुसताच, भिंतीवर. पाठोपाठ आदेश आला. पडवीत वाडी जमली आणि वैष्णवीने तो मोठ्याने वाचला. "ग्राहकाचा निवडीचा हक्क पूर्णपणे मान्य. तो हक्क ग्राहकाने बजावलेला आहे, सबब आता शिल्लक नाही."

"थांबू नको. शेवटास काय लिवलंय?" आबांनी विचारलं.

"कलम नऊ. सदर आदेश जो वाचेल अथवा ऐकेल, त्यास तो मान्य असून नवीन मीटर हवा आहे असे समजण्यात येईल. मान्य नसल्यास तसे आदेश वाचण्यापूर्वी लेखी कळवावे."

वाडीने कानांवर हात ठेवले, पण उशिरा.

"वाचलंस कशाला गो बाय?"

"तुम्हीच म्हणालात ना, आबा, थांबू नको म्हणून," वैष्णवी म्हणाली आणि हसू दाबत आत गेली.

आदेश कोणी कोणी वाचला, ऐकला, त्यांची यादी करण्याचं काम भिकाजीवर आलं आहे. तळेवाडी एका दुपारी उरकली. आता राहिलात तुम्ही. कलम नऊ तुम्हीही आत्ताच वाचलंत, एक शब्द न गाळता. घरीच राहा, तो निघाला आहे.