कौसाअक्काचा पाय आणि माझा

जाफराबादच्या स्टँडावर काळीपिवळी जीप थांबायच्या आत मी उडी मारली. तीही नव्या, टाचेच्या चपला घालून. तेव्हा मी नुसती अठ्ठावन्नची, म्हणजे तरणीच! नातवाचं बारसं होतं, आणि पोराची आजी अजून कशी टणक आहे ते विहीणबाईंना दाखवायचं होतं. त्यांनी मला पाहिलं ते आडवीच.

बारशात "काही नाही, काही नाही" म्हणत डावा पाय ओढत मिरवले. संध्याकाळी पिंपळगावात परतले तर घोट्याचा भोपळा झालेला. शेजारच्या कौसाअक्काला हाक मारली.

कौसाअक्का पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून आलेली. अशा माणसाचा पाय लागला की उसण जाते, मुरगळलेलं सुटतं, अशी आमच्याकडे पक्की समजूत. त्यामुळे गावातल्या बहुतेकांनी अक्काची लाथ खाल्लेली, सरपंचांनीसुद्धा. अक्काच्या ध्यानात चेहरे राहत नसत, नावं तर नाहीच. ती खाली बघून माणूस ओळखायची. "हां, तू कंबर का!" नातसून आलेल्या एका बाईला ती अजून "उजवा गुडघा" म्हणे.

मी पाय पुढे केला. "अक्का, हाण लाथ."

ती हाणेना. खाली बसली आणि घोट्याच्या हाडावर बोट दाबलं. मी किंचाळले.

"ऊठ. चार पावलं चाल."

एकही टाकवेना.

"मंग हे माझ्या पायाचं काम न्हाई. हाडाचा फोटू काढ, जल्दी. माझ्या लाथंनं मोडलेलं हाड जुळत न्हाई बाई, बिलकुल न्हाई."

फोटोत हाड शाबूत निघालं, घोट्याच्या शिरा ताणल्या होत्या. डॉक्टरांनी पट्टी बांधली, चोळायला बंदी केली, पाय उशीवर ठेवायला लावला. बोटं बधिर पडली किंवा सूज उतरेनाशी झाली तर परत या, म्हणाले. हे सगळं पाळून घ्यायचं काम अक्कानं स्वतःकडे घेतलं. रोज दुपारी यायची, फडक्यात गुंडाळलेला बर्फ घोट्यावर धरायची आणि पाय मांडीवर घेऊन त्याच्याशीच बोलायची, "काय रे डाव्या, बोटं हालवून राह्यला का? रंग बराबर हाये आज." वर मीही बसले आहे, याचं तिला काही नाही. सूज ओसरल्यावर भिंत धरून मला एका पायावर उभी करायची, बगळ्यासारखी. तोल परत यावा म्हणून.

पाय बरा झाला. पण त्या दुपारी सोडवेनात, म्हणून मी लंगडत राहिले. अक्का येत राहिली.

आता ती भाच्याकडे असते, जालन्याला एमआयडीसीच्या बाजूला. ती पायाळू आहे हे तिथं कोणाला ठाऊक नाही. दुपार झाली की मी उगाच ओट्यावर डावा पाय पसरून बसते.

ती निघाली त्या दिवशी मी लंगडत जीपपर्यंत गेले होते. तिनं सवयीनं खाली पाहिलं आणि पदराआड हसली. मग मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली,

"शांते, आज उजवा लंगडून राह्यली तू, दुखत तं डावा व्हता. अन् डाव्याचं दुखनं ज्वारी काढायच्या आधीच गेल्तं, मला काय कळत न्हाई? पन बरा झाला म्हनले आस्ते, तं मंग रोज दुपारी कुनाकडं आले आस्ते?"