सासूबाईंसाठी निवडलेला शब्द

सासूबाईंच्या अंत्यविधीला चार शब्द बोलायचे, तर ‘प्रेमळ’ आणि ‘कष्टाळू’ हे दोन वापरायचे नाहीत, एवढंच अ‍ॅम्ब्रोज थॅकरेनं ठरवलं होतं. यॉर्कशरमधल्या त्या गावात गेलेलं प्रत्येक माणूस प्रेमळ आणि कष्टाळूच निघायचं. अ‍ॅम्ब्रोज निवृत्त लॅटिन मास्तर. (शब्दांचं कूळमूळ काढायचं त्याला व्यसन होतं, दारूपेक्षा बरं म्हणून बायकोनं, हिलरीनं, ते चाळीस वर्षं सोसलं.)

त्यानं शब्द निवडला ‘सिली’. आज त्याचा अर्थ खुळी, बावळट. पण हजार वर्षांपूर्वी देवाची कृपा असलेल्या सुखी माणसाला ‘सिली’ म्हणत. पुढे तो शब्द भोळ्यांवर आला, मग बिचाऱ्यांवर, आणि घसरत घसरत खुळ्यांवर. हे सगळं त्यानं दोन कागदांवर लिहिलं.

चर्चमध्ये समोर शवपेटी, पहिल्या बाकावर हिलरी. अ‍ॅम्ब्रोजनं पहिल्या कागदाचं शेवटचं वाक्य वाचलं, “एका शब्दात सांगायचं, तर आपली एडना सिली होती.”

मग शब्दाचा मूळ अर्थ सांगायला तो दुसऱ्या कागदाकडे वळला. कागद एकमेकांना चिकटले होते. त्यानं बोट ओलं केलं. शांतता फारच लांबली, तेव्हा ऑर्गनवरच्या बाईंना वाटलं, भाषण संपलं. त्यांनी प्रार्थनागीत सुरू केलं आणि सगळे उभे राहिले.

नंतर चहाला जमले, तेव्हा अ‍ॅम्ब्रोजच्या आसपास कोणी फिरकेना.

“हिलरी, त्याचा मूळ अर्थ...”

“माझी आई त्या पेटीत होती, अ‍ॅम्ब्रोज,” ती हळू आवाजात म्हणाली. “तिथं कोणी शब्दकोश घेऊन बसलं होतं का?”

त्यानं तिच्या हातातली कपबशी धरली. तिनं धरू दिली.

तेवढ्यात सासूबाईंची धाकटी बहीण डॉर्कस काठी टेकत आली. वय अठ्ठ्याऐंशी.

“खुळीच होती ती,” डॉर्कस म्हणाली. “कोणाच्या तरी घोड्याला सफरचंद द्यायला भर पावसात दोन मैल जायची. घोडा मेल्यावरही महिनाभर गेली. सगळ्यांना ठाऊक होतं, बोललास तू एकटा.”

हिलरीला हसू आलं आणि त्या हसण्यातच, आठवड्यात पहिल्यांदा, रडूही फुटलं.

अ‍ॅम्ब्रोजला धीर आला. त्यानं खिशातून दुसरा कागद काढला. “खरं म्हणजे मावशी, हजार वर्षांपूर्वी...”

“आत ठेव तो,” डॉर्कस म्हणाली. “माझ्या वेळीही तूच बोल. पण येताना एकच कागद आण.”